पाठकोरे

त्यांना नाव होतं. हजेरीपटावर रोज सकाळी त्या नावानं ते सहीही करायचे. पण बीडच्या आमच्या ऑफिसात त्यांना त्या नावानं कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. एका बाजूनं वापरलेला आणि दुसऱ्या बाजूनं कोरा असा जो कागद, तो पाठकोरा. असा कागद दिसला की ज्यांचा हात आपोआप पुढं जायचा, ते पाठकोरे. बाहेरगावच्या ऑफिसांना हे आडनावच वाटे. ‘मा. श्री. पाठकोरे साहेब’ अशी पत्रं यायची आणि ते ती बिनतक्रार घ्यायचे, कारण पत्राची पाठ बहुतेक कोरी असायची.

आवक-जावकचं टेबल त्यांच्याकडं होतं. म्हणजे ऑफिसात येणारं प्रत्येक पत्र आधी त्यांच्या हातात पडायचं आणि जाणारं प्रत्येक पत्र त्यांच्याच हातून जायचं. अशा माणसाला कागदाचं वेड लागावं, ही सगळ्या ऑफिसच्या नशिबातली गोष्ट होती. अंगानं किडकिडीत, खिशाला चार पेनं, त्यातलं चालू एकच. खताच्या पोत्याची शिवलेली एक पिशवी कायम पायापाशी. सकाळी शिपाई झाडू मारायच्या आत ते सगळ्या खोल्यांतल्या केराच्या टोपल्या पाहून यायचे आणि चुरगळलेले कागद मांडीवर घेऊन तळहातानं सरळ करत बसायचे. आलेले लिफाफे उकलून आतून बाहेर फिरवून पुन्हा चिकटवायचे. वाकड्या टाचण्या पंचिंग मशीनच्या बुडानं ठोकून सरळ करायचे. “एका बाजूनं लिहून टाकलेला कागद म्हंजी अर्धी खाऊन टाकलेली भाकर,” असं म्हणायचे आणि टाकणाऱ्याकडं असं बघायचे की त्याला खरंच भाकर टाकल्यासारखं वाटावं.

झाडं वाचवायची म्हणून ते हे करत असतील, असा आमचा बरेच दिवस समज होता. एकदा कुठल्या तरी मंडळाची पोरं त्यांचा सत्कार करायला आली. वृक्षमित्र म्हणून शाल द्यायची होती. यांनी शाल घेतली, शालीबरोबरचं प्रमाणपत्र उलटं करून बघितलं आणि शांतपणे म्हणाले की झाडाचं त्यांना काही ठाऊक नाही, कोरी पाठ वाया गेलेली बघवत नाही इतकंच. पोरं हिरमुसून गेली. प्रमाणपत्राच्या पाठीवर दुसऱ्या दिवशी बैठकीचं इतिवृत्त निघालं.

त्यांच्या या सवयीनं घोटाळे व्हायचे, आणि ते साधेसुधे नसत. साहेबांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका उरल्या होत्या, चांगल्या जाड, आतली बाजू स्वच्छ. वर्षभर जपून यांनी त्यांच्यावर मासिक बैठकीच्या सूचना काढल्या. पाली गावचे एक ग्रामसेवक नेहमीच्या तारखेला बैठकीला आले ते टॉवेल, टोपी आणि साडी घेऊन. लग्न होऊन वर्ष झालं होतं हे त्यांना माहीत होतं. पण आपला आहेर राहिला होता आणि साहेबांनी त्याची आठवण करून दिली, असा अर्थ त्यांनी काढला. साहेब शरमेनं लाल झाले. ग्रामसेवक मात्र उशीर झाल्याबद्दल माफी मागत राहिले. त्यांनी पत्रिका उलटून बघितलीच नव्हती.

त्यावर साहेबांनी पाठकोऱ्यांना कारणे दाखवा नोटीस दिली. यांनी त्या नोटिशीच्याच पाठीवर खुलासा लिहून ती साहेबांकडं परत पाठवली. साहेबांनी खुलाशाखाली ‘अमान्य’ असं लिहिलं. यांनी ‘अमान्य’च्या बाजूला बारीक अक्षरात पुरवणी खुलासा लिहिला. साहेबांनी समासात शेरा मारला, यांनी शेऱ्याला वळसा घालून उत्तर दिलं. पंधरा दिवसांनी कागदावर टाचणी टोचण्यापुरतीही जागा उरली नाही आणि प्रकरण तिथंच संपलं. पुढं काही करायचं तर नवा कागद घ्यावा लागला असता, आणि तसं केलं तर पाठकोरे कसे बघतील याची साहेबांनाच भीती वाटली असावी.

मग वरून ‘कागद वाचवा’ असं परिपत्रक आलं. सहा प्रतींत, एका बाजूला छापलेलं, वर मोठं झाडाचं चित्र. त्या दिवसाइतकं खुश मी त्यांना कधी बघितलं नाही. एका टपालात सहा पाठकोरे. सरकारनं अशी काटकसर दर आठवड्याला करावी, असं त्यांचं मत पडलं. परिपत्रकानुसार किती कागद वाचला याचा मासिक अहवाल पाठवायचा होता. यांनी पहिल्या महिन्यात ‘निरंक’, म्हणजे शून्य, म्हणून कळवलं, कारण त्यांच्या मते आमच्या ऑफिसात वाचवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. दुसऱ्या महिन्यात वरच्या ऑफिसातून तोच कागद माघारी मागवून घेतला, महिन्याचं नाव खोडून नवं घातलं आणि पुन्हा पाठवला. असं अकरा महिने चाललं. शेवटी तो कागद धुतलेल्या धोतरासारखा मऊ झाला होता आणि त्यावर बावीस शिक्के होते.

हे सगळं मी हसत हसत सांगतेय. पण या माणसामुळं माझी नोकरी जाते की काय अशी वेळ आली होती, आणि तेव्हा मला अजिबात हसू येत नव्हतं.

माझं गाव धारूरच्या घाटाखाली. आमच्या घरात माझ्याआधी कुणी खुर्चीवर बसून काम केलेलं नाही. आई दर वर्षी ऊसतोडीला जाते, म्हणजे जायची. वडील गेल्यावर ती पुतण्याच्या जोडीनं जाऊ लागली. मला नोकरी लागली तेव्हा मी तिला म्हटलं, आता कोयता ठेव. तिनं विचारलं, कायम हायस का? मी म्हटलं, तीन वर्षांनी होईन. “मंग तीन वर्सांनी ठिवीन. कायम झाल्याबिगर मी न्हाई ठिवत,” असं म्हणून ती टोळीच्या ट्रकमध्ये चढली. ती चढताना तिचा गुडघा कसा वाकत नव्हता ते मला अजून दिसतं.

तीन वर्षं भरली. आस्थापनेचे भाऊसाहेब, म्हणजे आमच्या नेमणुका आणि बढत्यांचे कागद बघणारे क्लार्क, माझी फाइल काढायला गेले तर तिथं फाइल नव्हती, वाळवीचं वारूळ होतं. कपाटाचा तो सबंध खण, जुने हजेरीपट आणि आवकच्या वह्यांसकट, वाळवीनं खाल्ला होता. सेवापुस्तकात माझ्या रुजू होण्याची नोंद होती, पण नोंदीखाली तेव्हाच्या साहेबांची सही नव्हती, आणि ते साहेब निवृत्त होऊन मुलाकडं परदेशात गेले होते. भाऊसाहेब म्हणाले, मी कधी रुजू झाले याला पुरावा नाही. रुजू झाल्याला पुरावा नाही म्हणजे तीन वर्षं भरल्याला पुरावा नाही. मी तीन वर्षं त्यांच्या समोरच्या टेबलावर बसत होते. ते म्हणाले, ते मला दिसतंय, पण मला दिसलेलं कागदावर नाही.

तिकडं टोळीच्या मुकादमानं आईला सांगून ठेवलं होतं की यायचं का नाही ते महिनाअखेरीपर्यंत कळव, नाहीतर जोडीतली तुझी जागा दुसऱ्याला देतो. महिनाअखेरीलाच पाठकोरे निवृत्त होणार होते. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन, खरं सांगते, रडले.

रुजू झाले तो दिवस मला आठवत होता. रुजू अहवाल मी दोन प्रतींत आणला होता. साहेबांनी दोन्हींवर लाल शाईनं सह्या केल्या. पाठकोऱ्यांनी दोन्हींवर आवकचा शिक्का मारला, एक प्रत आत पाठवली आणि दुसरी हातात धरून मला विचारलं, “पोच पायजे का?” पोच म्हणजे आपण कागद दिल्याची खूण. ती मागायची असते, जपायची असते, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्याच दिवशी साहेबलोकांकडं काही मागायचं म्हणजे आगाऊपणा वाटला. मी म्हटलं, “नको, कशाला.” ती प्रत त्यांनी खणात ठेवली. तिची पाठ कोरी होती.

आता ते डोळे मिटून बसले. त्यांना कागद चेहऱ्यानं लक्षात राहायचे. आपण जावक केलेला प्रत्येक पाठकोरा कुठं गेला हे ते सांगू शकत, अशी ऑफिसात बोलवा होती, पण ते खरं की खोटं हे तपासायची वेळ कुणावर आली नव्हती. मग डोळे न उघडताच बोलले.

“वरच्या डाव्या कोपऱ्यात च्याचा डाग हाय. धारूरला गेलाय. खुर्चीचं पत्र त्याच्या पाठीवर हाय.”

खुर्चीचं प्रकरण असं होतं. एका प्रशिक्षणासाठी आमच्या ऑफिसनं धारूरच्या ऑफिसातून बारा खुर्च्या आणल्या होत्या. परत गेल्या अकरा. धारूरवाले बारावी मागत होते, आणि ‘सदर खुर्ची या कार्यालयात दिसून येत नाही’ असं आम्ही कळवलं होतं. ते कळवणं माझ्या रुजू अहवालाच्या पाठीवर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं एसटीनं धारूरला निघालो. त्यांनी स्वतःची रजा टाकली होती, निवृत्तीला चार दिवस उरलेले असताना. वाटेतल्या मांजरसुंब्यापर्यंत ते पिशवी मांडीवर घेऊन खिडकीतून बघत बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “ताई, नव्या मानसाचं ‘नको’ खरं धरायचं नसतंय. मी धरलं. कागद मिळतोय म्हनून धरलं.”

तीन दिवस मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत होते, त्या सगळ्या तिथंच विरल्या.

धारूरच्या ऑफिसात आवक-जावकवर एक तरुण गृहस्थ होते. पाठकोरे साहेब स्वतः आले म्हटल्यावर त्यांनी उठून नमस्कार केला, चहा मागवला आणि बारावी खुर्ची आणली का म्हणून विचारलं. फाइल दहा मिनिटांत निघाली. वरच्या डाव्या कोपऱ्यात चहाचा डाग. मी कागद उलटा केला. माझं तीन वर्षांपूर्वीचं घाबरट अक्षर, आमचा शिक्का, साहेबांची लाल सही. सगळं जागच्या जागी होतं. आमच्या कपाटात जपून ठेवलेलं सगळं वाळवीनं खाल्लं आणि यांनी पाठीवर पत्रं लिहून गावोगाव उधळलेलं तेवढं वाचलं. मला त्या गृहस्थांना मिठी मारावीशी वाटली.

मूळ कागद ते देईनात. खुर्चीचं प्रकरण अजून मिटलेलं नव्हतं, मूळ पत्र फाइलीतून कसं काढणार. मग मागच्या बाजूची सही-शिक्क्यानिशी नक्कल द्या, असं पाठकोऱ्यांनी म्हटलं. गृहस्थांनी मान हलवली.

“पाठीमागचं आमच्या रेकॉर्डला न्हाई साहेब. आमच्या रेकॉर्डला खुर्ची हाय.”

“कागद एकच हाय की. एक बाजू रेकॉर्डला आन् दुसरी न्हाई, आसं कसं?”

“तसंच हाय. समोरची बाजू आवक झालीया. मागची झालीच न्हाई. आली हे आमाला ठावंच नव्हतं.”

हे ऐकून पाठकोरे चिडतील असं मला वाटलं. पण ते खुलले. आयुष्यात प्रथमच त्यांना बरोबरीचा माणूस भेटला होता. ते म्हणाले, मग मागची बाजू आज आली असं धरा आणि आज आवक करा. गृहस्थांनी विचार केला. हरकत नव्हती, पण कागद नुसता येत नाही, त्यासोबत पत्र लागतं. पाठकोऱ्यांनी लगेच पिशवीतून एक पाठकोरा काढला आणि पेन उघडलं. गृहस्थांनी तो त्यांच्या हातातून घेऊन उलटा केला.

“ह्याच्या पाठीवर टँकरची मागनी हाय. उद्या कुनी म्हनलं धारूरला टँकर आवक झालाय, तर मी कुटून आनू? लई घोळ झालेत तुमच्या कागदांनी. दोन्हीकडनं कोराच लागंल.”

आणि त्यांनी नव्या गठ्ठ्यातून एक पांढराशुभ्र कागद काढून टेबलावर ठेवला.

पाठकोरे त्या कागदाकडं बघत राहिले. त्यांनी पेन टोपणात घातलं, पुन्हा काढलं. चष्मा पुसला. नोकरीभर या माणसानं कोऱ्या कागदावर एक ओळ लिहिलेली नव्हती, हे आमच्या ऑफिसातल्या चपराश्यालाही ठाऊक होतं. मी म्हटलं, मी लिहिते, तुम्ही राहू द्या. ते म्हणाले, पत्र या ऑफिसच्या आवक-जावकला त्या ऑफिसच्या आवक-जावकनंच लिहायचं असतं. मग त्यांनी कागद सरळ केला आणि लिहायला लागले. मुंगीएवढ्या अक्षरात, सगळ्यात वरच्या कडेला चिकटून, चार ओळी. त्या चार ओळी लिहायला त्यांना पाऊण तास लागला असेल. लिहून झाल्यावर त्यांनी पट्टी मागितली, ओळींखाली ती धरून खालचा कोरा भाग सरळ फाडला आणि सवयीनं पिशवीत टाकायला गेले. तसे गृहस्थ म्हणाले की तो कागद त्यांच्या ऑफिसचा आहे. यांनी तो मुकाट्यानं टेबलावर परत ठेवला, पण ठेवताना त्यावरून एकदा हात फिरवला.

गृहस्थांनी फाइलीतला कागद उलटा केला आणि माझ्या रुजू अहवालावर धारूरचा आवकचा शिक्का मारला. मग नक्कल दिली. पाठकोऱ्यांनी ती माझ्या हातात ठेवून आधी त्या चार ओळींच्या पत्राची पोच घ्यायला लावली.

कायम केल्याचा आदेश महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी निघाला. तीन प्रतींत. एक मला, एक सेवापुस्तकाला, एक आस्थापनेच्या फाइलीला. मी आईला फोन केला. तिला धारूरची सगळी गोष्ट मी सांगितली होती. “पोच घेतली का?” हा तिचा पहिला प्रश्न. घेतली, मी म्हटलं. मग म्हणाली, मुकादमाला आताच सांगून येते. कोयता तिनं टाकला मात्र नाही. दाराच्या मागं अडकवून ठेवलाय, नारळ फोडायला लागतो म्हणते.

संध्याकाळी निरोप समारंभ व्हायच्या आधी पाठकोऱ्यांना कार्यमुक्त झाल्याचा अहवाल द्यायचा होता. माझ्या आदेशाची तिसरी प्रत जावक व्हायला त्यांच्याच टेबलावर पडलेली होती. त्यांनी ती उचलली, उजेडाकडं धरली, उलटी केली आणि माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यांनी पाठीवर लिहिलं, आज कार्यालयीन वेळेनंतर आपण सेवानिवृत्त होत आहोत. एका बाजूला मी कायम झाले होते आणि दुसऱ्या बाजूनं ते निघाले होते. भाऊसाहेब ओरडले, पण ऑफिस सुटायचे पावणेसहा वाजून गेले होते आणि ओरडायला समोर कर्मचारी उरला नव्हता.

आवक-जावकचं टेबल माझ्याकडं आलं. पहिल्या दिवशी मी त्यांची खुर्ची पुसायला आडवी केली तर तिच्या बुडावर पांढऱ्या रंगात लिहिलेलं होतं: धारूर, १२. ‘सदर खुर्ची या कार्यालयात दिसून येत नाही’ हे पत्र त्यांनी तिच्यावरच बसून लिहिलं होतं. बसल्यावर ती दिसत नव्हती, हे खरंच होतं. मी ती सरळ केली आणि तिच्यावर बसले.

तीन महिन्यांनी ते आले. पिशवी तीच. पेन्शनचे कागद अडकले होते. त्यांच्या फाइलीत कार्यमुक्त अहवालच नाही, आणि कार्यमुक्त झाल्याला पुरावा नाही म्हणजे ते कागदोपत्री अजून नोकरीतच आहेत आणि बिनपरवानगी गैरहजर आहेत, असं भाऊसाहेबांचं म्हणणं पडलं. अहवाल माझ्या फाइलीत आहे हे सगळ्यांना माहीत होतं. पण माझ्या फाइलीत मी होते, ते नव्हते. भाऊसाहेब म्हणाले, “पाठीमागचं आपल्या रेकॉर्डला नाही.”

पाठकोरे माझ्या टेबलासमोर उभे राहिले. इतकी वर्षं ज्या बाजूला बसले, तिच्या पलीकडच्या बाजूला. मी त्यांना बसा म्हटलं तरी बसेनात. मी माझी फाइल आणवली, आदेश काढला आणि उलटा केला. आवकचा शिक्का शाईत दाबला आणि त्यांच्या अहवालावर मारला. नंबर घातला, सही केली. मग भाऊसाहेबांसमोर जाऊन नक्कल काढून घेतली. सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील.

“पोच पाहिजे का?” मी विचारलं.

“न्हाई, कशाला,” ते म्हणाले. “कागद काहून वाया घालवायचा.”

नव्या माणसाचं ‘नको’ खरं धरायचं नसतं हे त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि जुन्या माणसाचं तर त्याहून धरायचं नसतं. मी गठ्ठ्यातून एक पांढराशुभ्र कागद काढला. ते बघत होते. मी त्यावर मोठ्या अक्षरात, सगळा समास सोडून, मधोमध पोच लिहिली, शिक्का मारला आणि कागद त्यांच्या हातात दिला. घडी घालायच्या आधी त्यांनी तो उलटा करून बघितला. पाठ कोरी होती.

त्यांनी तो पिशवीत ठेवला नाही. वरच्या खिशात, चार पेनांच्या मागं, जपून ठेवला.